बोटीवरचा एक रिकामा दिवस: पुण्याहून निघणाऱ्या दोघांसाठी

आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा लेकीने विचारलं, "कुठे जायचंय?" हे म्हणाले, "जिथे पहाटे साडेपाचला बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागत नाहीत, तिथे." आमच्या आजवरच्या सहली तशाच झाल्या होत्या. पहाटे उठायचं, बसमध्ये बसायचं, दिवसात सहा ठिकाणं बघायची आणि रात्री पाय दाबत झोपायचं. म्हणून आम्ही बोटीवर गेलो, आणि दोन वर्षांनी पुन्हा गेलो. दोन्ही वेळा मनात राहिला तो बंदरात उतरण्याचा दिवस नव्हता. सकाळपासून रात्रीपर्यंत बोट कुठेही लागली नाही आणि चारी बाजूंना फक्त पाणी होतं, तो दिवस मनात राहिला. बोटीवर त्याला 'सी डे' म्हणतात. आमच्या सहकारनगरातलं कुणी बोटीवर जायला निघालं की मला फोन येतो, तेव्हा सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते. हा दिवस रिकामा मिळतो तो घरून केलेल्या तयारीमुळे. त्या दिवशी दोघांपैकी एकालाही गोळ्या, कागद, पैसे, फोन यांची चिंता नको असेल तर ती सगळी पुण्यातच मिटवून निघावं लागतं.

कोणती फेरी, कोणता महिना, कोणती तिथी

आपल्याला सोयीचं बंदर मुंबई. कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही बोट सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून फेऱ्या करू लागली. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली ही बोट अकरा मजल्यांची आहे. आजच्या महाकाय जहाजांपुढे ती लहान, पण मला लहान बोट आवडते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचे जिने आणि कोपरे पाठ होतात.

फेऱ्या मोसमाप्रमाणे बदलतात, त्यामुळे जाहिरातीतल्या रात्री मोजू नका. वेळापत्रक मागून घ्या आणि पूर्ण दिवस समुद्रात असा किती वेळा येतो ते बघा. संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी गोव्याला लागणाऱ्या दोन रात्रींच्या फेरीत तसा दिवस मिळत नाही. कोची किंवा लक्षद्वीपच्या बाजूला जाणाऱ्या फेरीत हमखास मिळतो. मुंबई ते कोची समुद्रमार्गे सुमारे ५८० सागरी मैल. सोळा नॉटच्या वेगाने दीड दिवस लागतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे बोट साधारण ताशी तीस किलोमीटरने जाते. सातारा रस्त्यावर आपली स्कूटर जाते, तेवढाच वेग.

महिना ऑक्टोबर ते मेमधला धरा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव सागराला नारळ वाहतात, पण पाणी खऱ्या अर्थाने निवळायला त्यानंतरही वेळ लागतो. मला विचाराल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पाणी शांत, हवा कोरडी, दुपारीही डेकवर बसवतं.

आता जी गोष्ट कुठलाही एजंट सांगत नाही ती. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर संध्याकाळी पूर्वेकडून चंद्र वर येतो आणि बोटीपासून क्षितिजापर्यंत पाण्यावर उजेडाचा पट्टा पडतो. अमावास्येच्या आसपास गेलात तर तारे दिसतात, आणि ते कसे दिसतात हे पुण्याच्या गच्चीवरून कळणार नाही. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो, त्यामुळे वद्य पंचमी-षष्ठीची तारीख मिळाली तर दोन्ही साधतं. जेवणानंतर तारे, मग मध्यरात्रीच्या आधी चंद्र. आम्ही पहिल्यांदा पौर्णिमेला गेलो, दुसऱ्यांदा अमावास्येच्या आदल्या दिवशी. यांना चंद्र आवडला, मला तारे.

खोली

खोल्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या: बिनखिडकीची आतली, खिडकीची, आणि बाल्कनीची. बहुतेक लोक सांगतात, "खोलीत फक्त झोपायला जायचं, आतली घ्या." बंदरं बघायला जाणाऱ्यांसाठी ते बरोबर आहे. पण तुम्हाला सी डे हवा असेल आणि खिशाला झेपत असेल तर बाल्कनी घ्या. दुपारी डेकवर गर्दी आणि गाणी सुरू होतात, तेव्हा दोन खुर्च्या आणि समोर पाणी एवढं स्वतःचं असणं मोलाचं वाटतं. नसेल जमत तर खिडकीची. आतली घेतलीत तर एक लक्षात ठेवा: दिवा बंद केला की तिथे मिट्ट काळोख होतो, नऊ वाजले तरी जाग येत नाही, आणि या दिवसाची पहाट हातची जाते. गजर लावा.

गाडी लागणाऱ्यांनी बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली मागावी. सी-सॉच्या फळीसारखं आहे ते. टोकं वरखाली होतात, मध्य जवळजवळ स्थिर राहतो. बुकिंग करताना मजल्यांचा नकाशा उघडून आपल्या खोलीच्या वर किंवा खाली डिस्को नाही ना, तेही बघून घ्या.

पैशाचं आधी बोलून घ्या

तिकिटाची जाहिरातीतली रक्कम अंतिम नसते. कर, बंदरशुल्क आणि कर्मचाऱ्यांच्या सेवेची दर माणशी दर रात्रीची रक्कम धरून एकूण आकडा किती, तो लेखी मागा. मुख्य जेवणघरातलं खाणं तिकिटात असतं. दारू, खास रेस्तराँ, इंटरनेट, मालिश, बोटीच्या फोटोग्राफरने काढलेले फोटो हे वेगळं. बोटीवर रोख चालत नाही. खोलीचं कार्ड दाखवायचं, खर्च खात्यावर चढतो. त्यामुळे घरीच एक आकडा ठरवा. आम्ही ठरवला होता, म्हणून बोटीवर एकदाही "हे कशाला घेतलं" असं झालं नाही. मालिश करून घ्यायची असेल तर बंदराच्या दिवशी घ्या. त्या वेळी लोक खाली उतरलेले असतात, वेळ सहज मिळते आणि बऱ्याचदा दरही उतरलेले असतात.

बॅग

मोठी बॅग धक्क्यावरच ताब्यात घेतली जाते आणि खोलीत पोचायला तीन-चार तास लागू शकतात. पहिल्या वेळी आमच्या दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या बॅगेत होत्या. बॅग रात्री आठला आली आणि तोवर मी खोलीच्या दारात उभी होते. तेव्हा हातातल्या पिशवीत हे ठेवा: सगळ्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्ड (परदेशी बंदराची फेरी असेल तर पासपोर्ट), बोर्डिंगचे कागद, चश्मा, एक जोड कपडे, शाल.

शाल विसरू नका. आत एसी कडक असतो आणि रात्री डेकवर वारा. चपला रबरी तळाच्या, कारण डेक सकाळी धुतलेला असतो. साडी नेसणार असाल तर पदराला पिना लावा. मी रात्रीच्या जेवणाला साडी नेसले आणि दिवसभर सुती पंजाबी ड्रेस वापरला. टोपी बांधता येईल अशी हवी. साधी टोपी पहिल्या दहा मिनिटांत समुद्रात जाते. दुर्बीण असेल तर नक्की घ्या.

इस्त्री, केटल, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती यांना बोटीवर मनाई असते. आगीची भीती समुद्रात सगळ्यात मोठी. रोज पूजा करणाऱ्यांनी त्या दिवसांपुरता फक्त हात जोडून नमस्कार करावा. बाहेरचे खाद्यपदार्थही बहुतेक बोटींवर चालत नाहीत, तेव्हा भाकरवडीचा पुडा बॅगेत टाकण्याआधी नियम वाचा.

बोट लागण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण अर्धी माणसं या भीतीपोटीच जात नाहीत. कानाच्या आतल्या भागाला हालचाल कळते, पण डोळ्यांना खोलीच्या भिंती स्थिर दिसतात. या दोघांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. बोरघाटात पुढच्या सीटवर बसून रस्त्याकडे पाहिलं की बरं वाटतं, त्याचं कारण हेच. बोटीवर रस्त्याच्या जागी क्षितिज. अस्वस्थ वाटायला लागलं की खोलीत जाऊन आडवं पडू नका, वर उघड्या डेकवर या आणि लांबच्या रेषेकडे बघा. पोट अगदी रिकामं नको, तुडुंबही नको. आल्याची वडी किंवा सुंठ जवळ ठेवा, तिचा खरोखर उपयोग होतो. गोळी घ्यायची तर ती त्रास सुरू होण्याआधी, आणि कोणती घ्यायची ते पुण्यातल्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि इतर औषधांबरोबर त्या चालतीलच असं नाही. शांत मोसमात मोठी बोट फारशी हलत नाही. हे घाटात हमखास पिशवी मागतात, पण बोटीवर यांना एकदाही त्रास झाला नाही.

पुणे ते धक्का

स्वतःची गाडी नेऊ नका. एक्स्प्रेसवेवर एखादा अपघात झाला की घाटात दोन तास जातात, आणि बोट थांबत नाही. चढण्याची वेळ निघण्याच्या बरीच आधी संपते. आम्ही दोन्ही वेळा डेक्कन क्वीनने गेलो. सकाळी सव्वासातला पुणे, साडेदहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जेमतेम दहा मिनिटांवर. तिकिटावर धक्क्याचं नेमकं नाव काय आहे ते मात्र वाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये इंदिरा डॉकला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं आहे, आणि टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ" सांगून भागत नाही.

निघताना

खोली मिळाली की आधी सुरक्षेची तालीम. ती टाळू नका. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमा व्हायचं, हे सगळ्या जगात सारखं आहे. २०१२ च्या जानेवारीत इटलीत कोस्टा काँकॉर्डिया बोट आपटली त्यानंतर नियम कडक झाले आणि ही तालीम निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर करावी लागते. दोघांनी एकत्र जा आणि येताना आपल्या खोलीपासून जिना कितव्या दारावर आहे ते मोजा.

मग वर डेकवर. बोट बंदराबाहेर दक्षिणेकडे निघते तेव्हा उजव्या हाताला कुलाबा आणि टोकाचं प्राँग्ज दीपगृह, डाव्या हाताला अलिबागचा किनारा. उजेड असेल तर डावीकडे खांदेरी शोधा. शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रजांच्या नाकासमोर त्या बेटावर किल्ला उभारायला घेतला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत आपले लोहगड, राजगड आहेत, तसाच खांदेरीही आहे. लोहगड आम्ही वीसदा चढलो असू. खांदेरी पाण्यावरून पाहिला आणि दोघंही कठड्याशी गप्प उभे राहिलो. आमच्या आजेसासूबाई भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने रत्नागिरीला माहेरी जायच्या. त्या याच पाण्यावरून गेल्या असणार, हे मला तिथे उभं असताना सुचलं.

किनारा दिसतोय तोवर मुलांना फोन करून घ्या. पुढे नेटवर्क जातं. त्याच क्षणी फोन एअरप्लेन मोडवर टाका. बोटीचं उपग्रहाचं नेटवर्क फोनने आपोआप पकडलं तर बिल भलतंच येऊ शकतं.

तो दिवस

पहाटे उठा. बाकीचे दिवस नाही उठलात तरी चालेल, या दिवशी उठा. सहाला डेकवर चालणारी चार-दोन माणसं असतात, बाकी सगळं तुमचं. मुंबईला मातकट असलेलं पाणी एव्हाना गडद निळं झालेलं असतं. पाण्यापासून पंचवीस मीटर उंचीवर उभं राहिलं तर क्षितिज सुमारे अठरा किलोमीटरवर असतं. स्वारगेटहून सरळ रेषेत सिंहगड जेवढा लांब, जवळपास तेवढं. त्या अंतरात कधीकधी एकही बोट दिसत नाही.

आता बसायची जागा. बोट दक्षिणेला चालली असेल तर डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम. म्हणजे सूर्योदय डाव्या बाजूने बघा आणि ऊन चढायला लागलं की उजव्या बाजूला या, तिथे दुपारपर्यंत सावली. दुपारनंतर डावीकडे. सूर्यास्ताला पुन्हा उजवीकडे. परतीच्या प्रवासात हे सगळं उलटं. लोक सकाळी खुर्ची अडवून दिवसभर उन्हात बसतात, आणि वाऱ्यामुळे चटका जाणवत नसल्याने रात्री खांदे लाल. बाल्कनीची खोली घेतानाही हा हिशेब उपयोगी पडतो. जाताना सूर्यास्त हवा असेल तर उजव्या बाजूची मागा. पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेकडे, वारा सगळ्यात जोरात. बोलत बसायचं तर मागच्या बाजूला जा.

न्याहारीला साडेआठ ते साडेनऊ झुंबड असते. सात वाजता किंवा दहाच्या सुमारास जा. हात दर वेळी साबणाने धुवा, कारण बोटीवर पोटाचे आजार पटकन पसरतात. खोलीत छापील कार्यक्रमपत्रिका येते: हाउसी, नाचाचे वर्ग, जादूचे प्रयोग, क्विझ. ती दोघांनी मिळून वाचा, प्रत्येकाने फक्त एका गोष्टीवर खूण करा आणि बाकीची पत्रिका मिटून ठेवा. सी डेला सगळ्यात जास्त कार्यक्रम असतात, त्यांच्यामागे धावलात तर पुन्हा तीच सहा ठिकाणांची बस.

यानंतरचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन-अडीच तास एकमेकांपासून वेगळे राहा. तीस वर्षांच्या संसारात आम्ही सहलीला गेलो की सतत बरोबर असायचो, आणि तिसऱ्या दिवशी कुरबुर व्हायची. बोटीवर हे हाउसी खेळायला गेले, मी पुस्तक घेऊन मागच्या डेकवर बसले. फोन चालत नाही, त्यामुळे जागा आणि वेळ आधी पक्की ठरवावी लागते: एक वाजता, अमुक मजल्यावर, जिन्याच्या उजवीकडे. खोलीत एक वही ठेवा आणि बेत बदलला तर तिच्यात लिहून जा. मी एकला पोचले तेव्हा हे आधीच येऊन उभे होते आणि मला सांगायला यांच्याकडे दहा गोष्टी होत्या. घरात आमचं असं होत नाही. घरात दोघांनाही सगळं माहीत असतं.

विषयही आधी ठरवून घ्या. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं भिजत घोंगडं आहे. त्यावर बोटीवर बोलायचं नाही असं आम्ही खंडाळा यायच्या आत कबूल करून टाकलं होतं, आणि पाळलं.

जेवण दुपारी थोडं. मग झोपा. दार उघडं ठेवून लाटांचा आवाज ऐकत झोपायची इच्छा होते, पण बाल्कनीचं दार उघडं राहिलं की एसी बिघडतो. खुर्चीतच डुलकी घ्या. चारच्या चहानंतर दुर्बीण घेऊन दोघांनी पाण्याकडे बघत बसा. किनाऱ्याजवळच्या पाण्यात डॉल्फिन दिसण्याची शक्यता जास्त. खोल निळ्या पाण्यात, विशेषतः लक्षद्वीपच्या वाटेवर, उडणारे मासे दिसतात. बोटीच्या लाटेतून उसळतात, चमकतात आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा पाण्यात शिरतात. पहिल्यांदा ते पक्षीच वाटतात. अर्धा तास काहीच दिसलं नाही तरी उठू नका.

सूर्यास्ताच्या आधी वीस मिनिटं उजवीकडे जागा धरा. बिंब टेकल्यावर बुडायला दोन-तीन मिनिटंच लागतात. तेवढ्यात फोटो काढायचा की बघायचं, हे आधी ठरवा. आम्ही एकच फोटो काढला, तोही बिंब टेकायच्या आधी.

रात्र

जेवणाच्या दोन वेळा असतील तर लवकरची घ्या, म्हणजे रात्र मोकळी मिळते. नंतर वरच्या डेकवर दिव्यांपासून लांबचा कोपरा शोधा आणि डोळ्यांना वीस मिनिटं द्या. त्या वेळात फोनच्या पडद्याकडे बघायचं नाही. मग उत्तरेला ध्रुव शोधा. क्षितिजापासून त्याची उंची म्हणजे आपण जिथे आहोत तिथले अक्षांश. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश होते. मुंबईहून निघताना ध्रुव जवळजवळ दोन मुठी वर असतो, कोचीला एकच मूठ. आपण दक्षिणेला किती आलो ते आपल्याच मुठीने मोजता येतं, हे यांना इतकं आवडलं की रोज रात्री आम्ही मोजायला वर जायचो. हिवाळ्यात दक्षिणेला, क्षितिजाच्या थोडं वर, एक ठळक पांढरा तारा दिसतो. तो अगस्ती. पुण्यात इमारतींच्या आड जातो, इथे त्याच्या आड काही नाही.

काळोखी रात्र असेल तर कठड्यावरून खाली, बोट पाणी कापते तिथे बघा. काही सूक्ष्म जीव पाणी ढवळलं की उजेड देतात, आणि त्या फेसात निळसर ठिणग्या दिसतात. दर वेळी दिसतीलच असं नाही. आम्हाला एका रात्री दिसल्या. कठड्यावर वाकताना एकाने दुसऱ्याचा दंड धरून ठेवा.

उतरताना

शेवटच्या रात्री मोठी बॅग खोलीबाहेर ठेवायला सांगतात. गोळ्या आणि सकाळचे कपडे त्यात जाणार नाहीत याची दोनदा खात्री करा. खात्याचं बिल रात्रीच मागून तपासा, सकाळी काउंटरवर रांग असते. बोट सकाळी लागते आणि डेक्कन क्वीन संध्याकाळी पाच दहाला सुटते, तेव्हा मधली दुपार मोकळी. बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतात.

जमिनीवर पाय ठेवल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते. घाबरू नका, बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं, पण त्या दिवशी स्कूटर काढू नका. मी सोमवारी सकाळी ओट्याशी चहा टाकत उभी होते आणि ओटा हळूच डावीकडे कलतोय असं वाटलं. आत बघितलं तर हेही पलंगाच्या कडेला हात टेकून बसले होते. "तुलाही?" त्यांनी विचारलं.